पात्राला काय हवं असतं?

कथा लिहायला बसलेल्या माणसाला विचारावं, की ही कथा कोणाची? उत्तर बहुधा असं येतं : "एका शिक्षकाची. वय पंचेचाळीस. उंच, सावळा, चष्मा लावतो. स्वभावानं प्रामाणिक, पण थोडा हट्टी." ही माहिती चुकीची नाही. रेशनकार्डावर लिहायला किंवा विम्याचा अर्ज भरायला ती पुरेशी आहे. पण एवढ्यावर माणूस उभा राहत नाही. उंच, सावळे आणि प्रामाणिक शिक्षक महाराष्ट्रात हजारोंनी सापडतील. त्यातला हाच एक आपल्या डोळ्यांसमोर का यावा, हे त्या वर्णनातून कळत नाही.

आता त्याच शिक्षकाबद्दल एवढंच सांगितलं, की गेली सहा वर्षं तो बदलीसाठी अर्ज करतो आहे, कारण त्याची म्हातारी आई दीडशे किलोमीटरवर एकटी राहते. आणि यंदा बदलीचा हुकूम आला आहे तो नेमका दहावीच्या परीक्षेला महिना उरला असताना. त्याची उंची सांगितलेली नाही, रंगही सांगितलेला नाही. तरीही आपण कान टवकारतो. कारण आता त्याला काहीतरी हवं आहे, ते सहज मिळण्यासारखं नाही, आणि मिळालं तर दुसरं काहीतरी सोडावं लागणार आहे.

पात्र खरं वाटण्याचं मूळ इथं आहे. पात्र वर्णनातून जिवंत होत नाही, ते त्याच्या गरजेतून जिवंत होतं. ती गरज त्याची स्वतःची हवी, लेखकाची नको. वाक्य साधं आहे, पण कथा फसतात त्या बहुतेक इथंच. लेखकाला शेवट दुःखी करायचा असतो म्हणून नायिका ऐनवेळी पत्र न वाचताच फाडून टाकते. लेखकाला भांडण हवं असतं म्हणून एरवी शांत असलेला भाऊ अचानक काठी उगारतो. वाचकाला हे लगेच कळतं. त्याला कारण सांगता येत नाही, पण तो मनात म्हणतो, "असं कुठं असतं का?" त्या क्षणी त्याचा विश्वास उडालेला असतो.

यावर नवोदित लेखकांचं एक ठरलेलं उत्तर असतं : "पण हे खरंच घडलंय हो, माझ्या शेजारीच घडलंय!" घडलंही असेल. पण कथेत तो पुरावा चालत नाही. काव्यात शक्य असूनही न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा, अशक्य असली तरी पटणारी गोष्ट बरी, असं ॲरिस्टॉटलनं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. आयुष्याला कारणं द्यावी लागत नाहीत, कथेला द्यावी लागतात. शेजारच्या माणसाचं वागणं पटत नसलं तरी तो शेजारीच राहतो. कथेतल्या माणसाचं वागणं पटलं नाही, तर वाचक पुस्तक मिटतो.

मग पटवायचं कसं? आपल्याच भाषेतली एक-दोन उदाहरणं पाहू.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपानं आली. औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर एक तरुण मास्तर येतो, एवढंच तिचं निमित्त. तिच्यात शेकू नावाच्या शेतकऱ्याचा प्रसंग आहे. नांगराला जुंपायला त्याला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको एका बाजूचं जू स्वतःच्या खांद्यावर घेते. ही बाई कष्टाळू आहे, सोशीक आहे, स्वाभिमानी आहे, असं सांगायची मग गरजच उरत नाही. पेरणीचे दिवस निघून चालले आहेत आणि रान तसंच पडलं आहे, ही तिची अडचण आहे. त्या अडचणीतून तिनं जे केलं, त्यात तिचा सगळा स्वभाव आला. विशेषण लेखकाचं असतं, कृती पात्राची असते. वाचक विशेषणावर विश्वास ठेवेलच असं नाही, कृतीवर मात्र ठेवतो.

त्याच कादंबरीत आनंदा रामोशी आहे. तो चोऱ्या करतो हे वाडीला ठाऊक आहे. दुसऱ्या एखाद्या लेखकानं त्याला खलनायक तरी केला असता, नाहीतर शेवटी सुधारून तरी दाखवला असता. माडगूळकर दोन्ही करत नाहीत. तो जसा आहे तसा वाडीत वावरतो आणि वाडी त्याला धरून चालते. लेखक न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेला नाही, म्हणून वाचकालाही त्या माणसाकडे नीट पाहता येतं.

दुसरं उदाहरण उद्धव शेळके यांच्या 'धग'चं. ही कादंबरी 1960 सालची. तिच्यातली कौतिक ही एका शिंप्याची बायको. नवरा महादेव कर्तबगार नाही, पुढं त्याला महारोग होतो, आणि संसाराचा गाडा तिच्यावर येतो. तिला मुलाला शिकवायचं आहे. एवढी एक इच्छा घट्ट धरून ती सगळ्या गोष्टींना तोंड देते. ती कधी चिडते, कधी टोचून बोलते, कधी हिशेबी होते. आदर्श मातेच्या तसबिरीत हे बसणार नाही. पण म्हणूनच ती तसबीर होत नाही, बाई राहते. ज्याला काही हवं असतं तो माणूस नेहमी छान वागू शकत नाही, हे शेळक्यांना पक्कं ठाऊक आहे.

यातून दुसरी गोष्ट निघते. खऱ्या माणसात विसंगती असते. पण विसंगती म्हणजे कसंही वागणं नव्हे. प्रेमचंदांच्या 'गोदान'मधला होरी आठवा. 1936 सालची ही कादंबरी. होरीला दारात गाय हवी आहे. त्यासाठी तो भोला नावाच्या विधुर गवळ्याला दुसरं लग्न जुळवून देण्याची आशा लावतो. ही सरळ सरळ फसवणूक आहे. भोला उधारीवर गाय द्यायला तयारही होतो. पण बोलता बोलता होरीला कळतं, की भोलाकडे जनावरांना घालायला वैरणच उरलेली नाही. लगेच त्याचा हात मागं येतो. अडचणीत सापडलेल्याची गाय घ्यायला त्याचं मन होत नाही. उलट तो आपल्याकडची वैरण त्याला देऊ करतो.

लबाडी आणि दया, दोन्ही एकाच माणसाची, एकाच भेटीतली. तरी आपल्याला ते खोटं वाटत नाही. कारण दोन्हींचं मूळ एकच आहे. होरी शेतकरी आहे. गाय म्हणजे घराची अब्रू, आणि जनावर उपाशी राहणं म्हणजे पाप, या दोन्ही गोष्टी त्याच्या रक्तात आहेत. आधी पहिली जिंकते, मग दुसरी. पात्रात विसंगती आणायची असेल तर आधी हे मूळ शोधावं. नुसतं "तो कठोर होता, पण आतून मऊ होता" असं लिहिल्यानं काहीच साधत नाही. कुठल्या गोष्टीपाशी तो मऊ होतो, ते सांगावं लागतं.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 साली केंब्रिजला कादंबरीवर व्याख्यानं दिली आणि ती त्याच वर्षी पुस्तकरूपानं आली. पात्रांचे सपाट आणि गोलाकार असे दोन प्रकार त्यांनी केले. एका वाक्यात मावतं ते सपाट पात्र. गोलाकार पात्राची खूण अशी, की ते आपल्याला चकित करतं आणि तरीही पटतं. नुसतं चकित करणं सोपं असतं, नुसतं पटवणं कंटाळवाणं होतं. होरी दोन्ही करतो. मात्र फॉर्स्टर यांनी सपाट पात्रांना टाकाऊ म्हटलेलं नाही, हेही ध्यानात ठेवायला हवं. कथेत पत्र आणून देणाऱ्या पोस्टमनचं बालपण सांगत बसायचं कारण नाही. त्यानं सायकलची घंटा वाजवावी आणि जावं. कोणाला किती जागा द्यायची, हाही लेखकाच्या कामाचाच भाग आहे.

आता एक छोटा प्रयोग करून बघू. समजा, गावच्या विकास सोसायटीचा गटसचिव पीककर्ज नाकारतो, असा प्रसंग लिहायचा आहे. समोर त्याचा शाळेपासूनचा मित्र आहे. सोपा मार्ग सगळ्यांना माहीत आहे : सचिव पोट सुटलेला, पान चघळणारा, टेबलाखालून हात पुढं करणारा. शेतकरी हात जोडून उभा. सचिव हसतो आणि त्याला हाकलतो. हे आपण इतक्या वेळा पाहिलंय, की आता डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.

थोडं थांबून सचिवाची बाजू विचारू. त्याला काय हवं आहे? पंधरा दिवसांवर मुलीचा साखरपुडा आहे. सोसायटीचं ऑडिट चालू आहे. मागच्या वर्षी एका ओळखीच्या माणसाला कागद अपुरे असताना कर्ज दिलं आणि वरून नोटीस आली. मित्राच्या खात्यावर जुनी थकबाकी आहे, म्हणजे नवं कर्ज नियमात बसत नाही. शिवाय बारावीची फी भरायला याच मित्राच्या वडिलांनी पैसे दिले होते, हे दोघांनाही ठाऊक आहे आणि दोघंही त्याचा उल्लेख करणार नाहीत.

आता तोच प्रसंग कसा होईल? सचिव म्हणेल, "ये की रे, बैस. ऊन बघ किती झालंय." पोऱ्याला चहा सांगेल. आकडा तोंडपाठ असूनही रजिस्टर उघडेल, बोट फिरवत राहील, मान वर करणार नाही. 'थकबाकी' हा शब्द काढणार नाही. "कागद जरा बघावे लागतील," एवढंच म्हणेल. मित्राला काय समजायचं ते समजेल. तो अर्धा चहा तसाच ठेवून उठेल. सचिव दारापर्यंत येईल आणि म्हणेल, "साखरपुड्याला सगळ्यांना घेऊन यायचं बरं का."

या प्रसंगात कोणी दुष्ट नाही. तरी अन्याय झाला आहे आणि तो आधीपेक्षा जास्त लागतो. वाचकाला नियमाचा राग येईल, सचिवाची कीव येईल, आणि त्याचा संतापही येईल. तिन्ही एकदम. कारण सचिवाच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, हा प्रश्न त्याला टाळता येणार नाही. पान चघळणारा सचिव असता तर तो प्रश्नच पडला नसता. आपण मजेत त्याला शिव्या दिल्या असत्या आणि पान उलटलं असतं.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसेल. माणसं जे मनात असतं ते बोलत नाहीत. नाटकी संवादात पात्रं आपलं मन वर्तमानपत्रासारखं वाचून दाखवतात : "मला तुझा फार राग आलाय, कारण तू मला समजून घेत नाहीस." घरात असं कोण बोलतं? आपल्याकडे राग ताटावर उतरतो. आई म्हणते, "भाजी झाकून ठेवलीय, हवी तर घे," आणि आत निघून जाते. मुलाला सगळं कळतं. भाजीचं वाक्य हाच तिथला संवाद असतो. पात्र काय बोललं याइतकंच, त्यानं काय बोलायचं टाळलं हे लेखकाला माहीत असायला हवं.

बोलीचंही तसंच आहे. गावाकडचं पात्र आलं की पानोपानी 'व्हय' आणि 'न्हाय' पेरायचं, म्हणजे ग्रामीण भाषा झाली, असा एक समज आहे. सिनेमानं तो पक्का केला. पण 'धग'मधली माणसं वऱ्हाडी बोलतात, 'बनगरवाडी'तली माणदेशी, आणि पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा रत्नागिरीची तिरकस बोली बोलतो. या बोली एकीच्या जागी दुसरी चालत नाहीत. अंतू बर्व्याचा तिरकसपणा निव्वळ हसवण्यासाठी नाही. आपलं दारिद्र्य कोणी पाहण्याआधी आपणच त्याची टिंगल करून टाकायची, ही त्याची जगण्याची रीत आहे. बोली काढून घेतली तर अंतूच उरत नाही. बोली अशी अंगात मुरलेली हवी, पात्राला वरून घातलेल्या अंगरख्यासारखी नको.

बोलीसारखीच प्रत्येकाची नजर वेगळी असते. लग्नाच्या मांडवात शिंप्याचं लक्ष नवरदेवाच्या कोटाच्या खांद्याकडे जाईल, आचाऱ्याचं पंगतीत उरलेल्या भाताकडे, मुलीच्या बापाचं दाराकडे. तोच मांडव तिघांना तीन प्रकारे दिसतो. तोलस्तोयच्या 'ॲना कॅरेनिना'मध्ये ॲना मॉस्कोहून पीटर्सबर्गला परतते. मधल्या काळात तिला व्रोन्स्की भेटलेला आहे. स्टेशनवर नवरा न्यायला आला आहे. त्याला पाहताच तिचं लक्ष त्याच्या कानांवर जातं आणि याचे कान असे कसे, असं तिला वाटतं. कान पूर्वीचेच होते. बदलली होती ती पाहणारी. नवऱ्यावरचं मन उडालं आहे हे तिला स्वतःला उमगायच्या आत वाचकाला कळतं. पात्राचं वर्णन करायचंच असेल तर ते असं, कोणाच्या तरी नजरेतून करावं. मग त्या एका तपशिलात दोन माणसं सापडतात.

पात्र बदलतं कसं, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. दारुडा बाप शेवटच्या परिच्छेदात मुलाची वही वाचतो, ढसाढसा रडतो आणि सुधारतो, अशा कथा अजून येतात. माणसं बदलत नाहीत असं नाही. पण बदलाला किंमत मोजावी लागते, आणि ती वाचकाच्या डोळ्यांदेखत मोजली जायला हवी. त्या बापानं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता काय केलं, कुठल्या रस्त्यानं घरी आला, गुत्त्यावरच्या मित्रांना काय सांगितलं, हात थरथरत असताना जेवण कसं गिळलं, हे लिहा. कदाचित तो तिसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला. तेही लिहा. अश्रूंपेक्षा ती संध्याकाळ जास्त पटेल.

हे सगळं नुसतं लेखनाचं तंत्र आहे का? मला तसं वाटत नाही. याचं मोल केवढं असू शकतं, हे हरिभाऊ आपट्यांनी दाखवून दिलं. 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो' क्रमशः येऊ लागली. संमतीवयाच्या कायद्यावरून तेव्हा महाराष्ट्र पेटला होता. 1891 साली मुलींचं संमतीवय दहावरून बारा झालं. सभा होत होत्या, अग्रलेख येत होते, दोन्ही बाजूंनी शास्त्राधार काढले जात होते. हरिभाऊंनी त्या गदारोळात यमूला बोलू दिलं. एका पुरुषानं लिहिलेली ही कादंबरी एका मुलीच्या तोंडून येते. यमू सुधारणेवर भाषण करत नाही. ती लहानपण सांगते, दादाशी झालेली भांडणं सांगते, सासरच्या घरातलं बोलणं-चालणं सांगते, नवऱ्यासोबत मुंबईत मिळालेलं सुख सांगते. म्हणून तिच्यावर वैधव्य येतं आणि पुढं केशवपनाचा प्रसंग येतो, तेव्हा वाचकाला ती 'विधवांचा प्रश्न' वाटत नाही. ती यमू असते, आपल्या घरातली. केशवपन झालेल्या बायका तेव्हाच्या वाचकांच्या घराघरांत वावरत होत्या. त्या रोज नजरेसमोर होत्या, पण कोणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. कादंबरीचं नावच हे सांगतं.

खोटं पात्र नुसतं कंटाळा आणत नाही, ते नुकसानही करतं. सावकार, सासू, मोलकरीण, परप्रांतीय, भटक्या जमातीतला माणूस यांचे ठरलेले साचे आपण कथेतून, मालिकांमधून पुन्हा पुन्हा पाहतो, आणि मग रस्त्यावर भेटलेल्या माणसाला त्याच साच्यात बसवतो. आनंदा रामोशी ज्यानं वाचला आहे, त्याला एखाद्या जमातीकडे बोट दाखवून "ते सगळे तसलेच" असं म्हणताना निदान एकदा अडखळायला होईल.

म्हणून लिहिणाऱ्यांनी पात्र कागदावर आणण्याआधी काही प्रश्न विचारून घ्यावेत. याला आज, या घटकेला काय हवं आहे? ते मिळालं नाही तर कशाची भीती आहे? कोणाचं देणं आहे, पैशाचं किंवा उपकाराचं? तो कोणाशी खोटं बोलतो? स्वतःच्या वागण्याचं समर्थन तो स्वतःपाशी कसं करतो? शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगाचा. जगातला कुठलाही माणूस स्वतःच्या हकिकतीत खलनायक नसतो.

आणि एक परीक्षा. आपल्या पात्राला कथेतून बाहेर काढा आणि रेशनच्या रांगेत उभं करा. ऊन आहे, तासभर झाला आहे, आणि एकजण मध्येच घुसतो. तुमचं पात्र काय करेल? आवाज चढवेल, शेजाऱ्याकडे पाहून नुसतं हसेल, घुसणाऱ्याची पिशवी ओळखून त्याच्या घरची चौकशी करेल, की उद्या आपणही असंच घुसायचं असं मनाशी ठरवेल? उत्तर चटकन आलं तर पात्र तयार आहे, लिहायला बसा. नाही आलं, तर अजून थोडे दिवस त्याच्यासोबत काढावे लागतील.

सुरुवात करायची असेल तर सोप्या माणसापासून करू नका. ज्याचा मनापासून राग येतो असा एक माणूस निवडा आणि त्याच्या आयुष्यातली एक सकाळ त्याच्या बाजूनं लिहा. नाव, गाव, धंदा बदला, म्हणजे कोणाला दुखावणार नाही. तो बरोबर आहे असं सिद्ध करायचं नाही. त्याला काय हवं होतं, एवढंच शोधायचं. ते एक पान जमलं, तर पुढच्या कथेतली माणसं आपोआप मान वर करून बोलू लागतील.